गरी आणि तिची खूण



गोंदिया आणि भंडारा हे तलावांचे जिल्हे. आमच्या गोरेगावच्या बाजूला कोणत्याही गावी जा, धानाच्या बांध्यांपलीकडे एखादी बोडी किंवा मालगुजारी काळातला तलाव दिसतोच. तलाव म्हटला की मासा आला, आणि मासा आला की पाळीवर गरी टाकून बसलेला माणूसही आला. जाळ्याची विद्या ढिवर बांधवांची. तिच्याविषयी त्यांना सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी बोलणार आहे ते साध्या गरीविषयी, आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी : मासा लागला हे कळवणारी खूण भरवशाची आहे की नाही, हे ओळखावे कसे?

आता जरा दूर जाऊ. कॅनडा, फिनलंड, अमेरिकेतील मिनेसोटा, या मुलखांत हिवाळ्यात तळी गोठतात. पण ती वरून गोठतात, तळापासून नाही. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते, तेच गोठते, आणि खाली मासे जिवंत असतात. तिथले लोक बर्फाला भोक पाडून त्यावर एक आडवी पट्टी ठेवतात. पट्टीखाली दोरीचे रीळ, आणि वर वाकवून अडकवलेली झेंडी. माशाने ओढ दिली की रीळ फिरते, अडक सुटते आणि झेंडी उभी राहते. दूर बसलेल्या माणसाला बर्फावर ती लगेच दिसते.

हे साधन घेताना तो माणूस तीन गोष्टी पाहतो. अडक इतकी हलकी हवी की माशाच्या ओढीने सुटावी; पण इतकी हलकी नको की वाऱ्यानेच झेंडी उभी व्हावी. रीळ सहज फिरावे, कारण दोरी अडली की माशाला संशय येतो आणि तो आमिष सोडतो. आणि रीळ पाण्याच्या आत राहावे, म्हणजे ते गोठत नाही. मासा येऊनही झेंडी उठली नाही तर मासा गेला. मासा नसताना झेंडी उठू लागली तर दहा वेळा धावून अकराव्या वेळी माणूस उठतच नाही. दोन्हींत नुकसान सारखेच.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बर्फ कुठला? बरोबर. पण कसोटी तीच लावायची. आपली झेंडी म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा. मग तो भेंडाचा असो, बारीक बांबूचा असो, नाहीतर जुन्या चपलेच्या रबराचा असो. पुष्कळ जण जाड, गोल तुकडा घेतात. तो दुरून छान दिसतो, पण त्याला बुडवायला जोर फार लागतो. बारीक आणि उभा तुकडा घ्यावा, आणि खाली इतकेच वजन बांधावे की जेमतेम बोटाएवढे टोक पाण्यावर राहील. मग लहानशी ओढही दिसते. मात्र लाटा असतील तेव्हा टोक थोडे अधिक वर ठेवा, नाहीतर लाटच मासा बनून फसवते.

शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग बादलीत करून दाखवण्यासारखा आहे. एक जाड आणि एक बारीक तुकडा घ्या, दोन्हींना नट बांधून उभे तरंगू द्या, आणि सारखेच जास्तीचे वजन लावून कोणता किती बुडतो ते मुलांना मोजू द्या. आर्किमिडीजचा नियम फळ्यावरून तळहातावर येईल.

खूण वाचायलाही शिकले पाहिजे. तुकडा दर वेळी बुडतोच असे नाही. मृगळ तळाशी चरतो. त्याने आमिष उचलले की खालचे वजनही उचलले जाते, आणि तुकडा बुडण्याऐवजी वर येतो किंवा आडवा पडतो. तीही खूणच, बरं का!

बाकीचे सामान विकत घेताना गरीचे टोक नखावर हलकेच टेकवून पाहा. घसरले तर बोथट, अडकले तर चांगले. नायलॉनची दोरी दोन बोटांतून ओढा. खरखर लागली तर ती तेथेच तुटणार. उन्हात पडून राहिलेली दोरी वरून धड दिसते, पण कमजोर झालेली असते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करा. वजनासाठी शिसे वापरू नका, लोखंडी नट चालतो. पाणपक्षी शिशाच्या गोळ्या गिळून मरतात; याच कारणाने इंग्लंडमध्ये १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. नायलॉन १९३५ साली प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्याचा मोठा गुण, न कुजणे, हाच त्याचा दोषही आहे. तुटलेली दोरी पाळीवर टाकली की ती वर्षानुवर्षे राहते. महाराष्ट्रातला सारस आता गोंदिया आणि भोवतालच्या भागातच उरला आहे. तो याच बांध्यांत, याच तलावांच्या काठी चरतो. त्याच्या पायाला अडकलेली दोरी त्याला सोडवता येत नाही. म्हणून तुकडा तुकडा गोळा करून घरी न्या.

रात्री दहा गऱ्या बांधून घरी झोपणे ही तर मोठीच चूक. गरीला लागलेले कासव हवेसाठी वर येऊ शकले नाही तर बुडून मरते, आणि लागलेला मासा सकाळपर्यंत वाया जातो. जितक्या गऱ्यांवर नजर राहील तितक्याच टाकाव्यात. पावसाळ्यात मरळीच्या तांबूस पिलांचा थवा वर दिसला, तर तेथे गरी टाकू नये. राखण करणारी मरळ गेली की अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. आणि तलाव मत्स्य सहकारी संस्थेकडे असेल तर आधी तिला विचारावे, कारण त्या पाण्यावर कितीतरी घरांची चूल पेटते.

खूण कितीही चांगली असली तरी ती पाहायला कोणीतरी जागे असावे लागते. तेवढे सांभाळा, म्हणजे बोडीतही मासा राहील आणि ताटातही.