दीड डिग्रीनं घात केला

आम्ही मुळशीतल्या एका बचत गटाच्या बाया, आज उबवणी पेटीची गोष्ट घेऊन आलोय.

पूर्वी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि २१ दिवस वाट बघायची. ऊब किती ते तिच्या पोटाला ठाऊक. गटानं ६० अंड्यांची पेटी घेतली, तेव्हा हे काम तारेच्या टोकावरच्या एका मण्याकडं गेलं.

पेटीवर आकडा ३७.५, हवा तसाच. तरी पिल्लं १९व्या दिवशीच फुटायला लागली. ६० मधून ११. बेंबी ओली, पाय लटपटते. अंडी शिळी, कोंबडा म्हातारा, सगळ्यांना बोल लावून झालं. शेवटी पेटीत पाण्याचा पेला रात्रभर ठेवला आणि त्यात ताप मोजायचा थर्मामीटर धरला. ३७.५ म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. आकडा आला १०२.२, म्हणजे ३९ डिग्री!

त्या मण्याचं असं असतं, ऊब वाढली की विजेला होणारा त्याचा अडथळा कमी होतो, आणि पेटी त्यावरून आकडा काढते. आमची तार मध्ये पीळ देऊन जोडलेली. मुळशीचा पाऊस, जोड गंजला. गंजाचा अडथळा मण्याच्या अडथळ्यात मिळाला. पेटीला वाटलं अंडी गारठलीत, मग बल्ब आणखी वेळ पेटत राहिला.

पिरंगुटला कारखान्यात जाणाऱ्या एका पोरानं दुसरा सेन्सर आणून दिला, डीएस१८बी२०. तीन पायांची चिप, स्टीलच्या नळीत बसवलेली. यात मोजणारा आणि आकडा करणारा एकाच ठिकाणी. अशा चिपमध्ये ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्यातून लहान-मोठा प्रवाह सोडला की दोन दाब मिळतात, आणि त्या दोन दाबांमधला फरक उष्णतेबरोबर सरळ वाढत जातो. चिप तो मोजून तिथंच एक-शून्याच्या खुणा करते. तारेतून खुणाच जातात. जोड गंजला तर निरोप तुटेल, पण ३९ चे ३७.५ होणार नाहीत.

अवघड काम चिप बनवणाऱ्यांचं. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते आणि एकेक तपासायला वेळ-पैसा लागतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २००५ साली अशी चिप दाखवली, की एकाच तापमानाला जुळवून घेतली तरी उणे ५५ ते १२५ डिग्रीपर्यंत चूक ०.१ च्या आत राहते. आमच्या साध्या चिपची हमी अर्ध्या डिग्रीची. अंड्याला अर्धा डिग्रीही जाणवतो, म्हणून दर खेपेला आम्ही कोमट पाण्यात ती थर्मामीटरशी ताडून बघतो. थर्मामीटर नंतर साबणानं धुवायचा, हे सांगायला नको.

चिप स्वतःचीच ऊब सांगते. बल्बजवळ टांगली तर बल्बची सांगणार. आम्ही ती अंड्यांच्या उंचीवर बांधली. खालच्या ट्रेला दुसरी लावली, तीही त्याच तारेवर. प्रत्येक चिपला आपला क्रमांक असतो, त्यामुळं गोंधळ होत नाही.

एकदा रात्री लाइट गेली, आली, आणि पेटीवर आकडा ८५! अंडी उकडली म्हणून आम्ही धावत दार उघडलं आणि होती ती ऊबही घालवली. वीज आल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत ही चिप ८५ च सांगते. त्याला पाऊण सेकंद लागतो. तेवढं थांबा. आकडा तसाच राहिला, तर जोड बघा.

दुसऱ्या खेपेला ४३ पिल्लं निघाली, २१व्या दिवशी.