चोराला चोरीच करू द्या



प्रथेप्रमाणे या अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या कामाचा आढावा यायला हवा. मोबाइल गेमचा पसारा वाढतोच आहे, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत परदेशी गेमची कामं चालू आहेत, आणि आपली तरुण मुलं स्वतःचे छोटे गेमही बाजारात आणू लागली आहेत. तिन्ही गोष्टींचा आनंद आहे. बाकी तपशील स्मरणिकेत आहे, तो तिथे वाचावा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायला असं व्यासपीठ मिळावं म्हणून मी बरीच वर्षं थांबलो आहे.

आपल्याकडे सीक्वेलची बैठक बसली की पहिला प्रश्न ठरलेला: नवीन काय घालायचं? नकाशा मोठा करा, शस्त्रं वाढवा, शत्रू वाढवा. काय काढायचं, हे कोणी विचारत नाही. आणि ज्याने विचारलं त्याला बैठकीबाहेर बसवतात. माझी तक्रार ही आहे. सीक्वेल सुधारतो तो मूळ गेमचं खरं काम काय, हे त्याला कळलं म्हणून. काम कळलं की आपोआप बऱ्याच गोष्टी गळून पडतात.

दाखला देतो. १९९८ साली स्टेल्थ, म्हणजे लपूनछपून खेळायच्या, गेमना बहर आला. त्याच वर्षी जपानमधून ‘तेन्चू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’ आले, आणि अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ आणला. नायक गॅरेट, पेशाने चोर. तलवार आहे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर त्याची धडगत नाही. अंधार आणि कान ही त्याची खरी हत्यारं. लाकूड, फरशी, गालिचा, लोखंडी जाळी, प्रत्येकावर पावलाचा आवाज वेगळा. आवाज भिंतीतून सरळ जात नाही, खोल्याखोल्यांतून, उघड्या दारांतून वळसा घेत पोहोचतो. त्यासाठी लेव्हल बांधणाऱ्याला कोणती खोली कुठल्या खोलीला जोडली आहे हे हाताने आखून द्यावं लागे. आजही हे काम पाहिलं की मी टोपी काढतो.

पण इतकं सगळं जमवूनही त्या गेमचा स्वतःवर पुरता विश्वास नव्हता. पहिली मोहीम एका सरदाराच्या हवेलीतली, अस्सल चोरीची. दुसरीत तुरुंगाची वाट एका खाणीतून जाते आणि तिथे चालते मुडदे उभे. तिसरीत थेट कबरस्तान. पुढे वायू ओकणारे राक्षसी सरडे, कोळी, भुतं. खेळणाऱ्याला नुसती चोरी पुरेल का, ही शंका गेममध्ये जागोजागी दिसते.

मुडद्याने काय बिघडतं, ते नीट पाहा. पाठीमागून येऊन डोक्यात सोटा घालून बेशुद्ध पाडणं हे गॅरेटचं हक्काचं काम. मुडदा बेशुद्ध पडत नाही. तलवारीने पाडला तर थोड्या वेळाने उठून उभा राहतो. त्याच्या कमरेला किल्ली नाही, पैशाची थैली नाही. तो जोडीदाराशी गप्पा मारत नाही, त्यामुळे ऐकून काही कळतही नाही. म्हणजे चोराने जे करायचं, त्यातलं काहीच तिथे उरत नाही.

मग मार्च २००० मध्ये ‘थीफ २: द मेटल एज’ आला. इंजिन तेच, गॅरेट तोच. मुडद्यांच्या आणि राक्षसांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. त्यांच्या जागी आली माणसं: गस्त घालणारी, कुरकुरणारी, आवाज ऐकून थबकणारी आणि उंदीर असेल म्हणून पुन्हा चालू लागणारी. मोहिमा गोदामातल्या, पोलिस ठाण्यातल्या, बँकेतल्या. एका मोहिमेत तर शहराची गच्ची न् गच्ची ओलांडत, वाटेतल्या घरांत डोकावत मेजवानीच्या मनोऱ्यापर्यंत जायचं. चोराला अखेर चोरी करू दिली.

आता पाण्याच्या बाणाची गोष्ट सांगतो, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा तिच्यात आहे. पहिल्या गेममध्ये हा बाण मशाल विझवायला होता. दुसऱ्यात यंत्रयुग आलं, विजेचे दिवे वाढले. पाण्याने ते विझत नाहीत, बटण शोधावं लागतं. आपल्याकडच्या बैठकीत अशा वेळी काय झालं असतं? ‘वीज-बाण’ नावाचं नवं फीचर यादीत आलं असतं. लुकिंग ग्लासच्या मंडळींनी तसं केलं नाही. त्यांनी वाफेवर चालणारी यंत्रमाणसं आणली आणि त्यांच्या पाठीत भट्टी ठेवली. मागे जाऊन त्या भट्टीत पाण्याचा बाण मारला की यंत्र थंड. जुन्या बाणाचं एक काम कमी केलं आणि दुसरं, जास्त धाडसाचं काम दिलं. खेळणाऱ्याला समोरून पळून पाठीमागे जावं लागतं, म्हणजे पुन्हा चोरच व्हावं लागतं. याला म्हणतात सुधारणा.

आपल्या मंडळींत दोन वाद नेहमी चालतात. पहिला असा की, अडलेल्या खेळाडूसाठी हातात एक बंदूक असू द्यावी. एका प्रकल्पात आम्ही वाड्यात शिरण्याची लेव्हल बांधत होतो. पब्लिशरच्या आग्रहाने बंदूक ठेवली, तर टेस्टर एका कानावरचा हेडफोन बाजूला सारून गप्पा मारत खेळत होते. एका बिल्डमधून मी बंदूक काढली. त्या दिवशी नागपूरची एक टेस्टर मुलगी खेळता खेळता ओरडली, “सर, पंखा बंद करा ना, जिन्यावर कोणीतरी येतंय आणि मला ऐकूच येत नाहीये!” मे महिना होता. सगळ्या खोलीने घाम गाळत पंखा बंद ठेवला आणि तिचा खेळ संपेपर्यंत कोणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात वरून निरोप आला आणि बंदूक परत आली. ती गोष्ट मी आजवर विसरलेलो नाही. माझ्यापुरता तो वाद त्या खोलीत मिटला.

दुसरा वाद खुणांचा. पहारेकरी कुठे पाहतोय ते कोपऱ्यातल्या नकाशात दाखवावं का? ‘थीफ’मध्ये पडद्याच्या तळाशी एक रत्न आहे. तुम्ही उजेडात आलात की ते उजळतं, अंधारात गेलात की मालवतं. बाकी सगळं डोळ्यांनी आणि कानांनी. आमच्या त्याच वाड्यात मॉडेलिंगच्या मुलांनी तुळईवरची नक्षी, ओसरीवरचा झोपाळा, देवघरातली समई, सगळं जीव ओतून घडवलं होतं. कोपऱ्यात नकाशा टाकला आणि टेस्टरांची नजर त्या चौकोनाला खिळली. समई कुठे होती म्हणून विचारलं, एकालाही सांगता येईना. नकाशाच्या बाजूने कोणी कितीही आकडे मांडोत, मी ते मान्य करणार नाही.

काहीजण म्हणतात, पहिल्या ‘थीफ’मधल्या झपाटलेल्या कॅथिड्रलची भीती दुसऱ्यात नाही. खरं आहे, नाही. पण भीती दाखवणं हा वेगळा धंदा आहे, त्याचे वेगळे गेम आहेत. आणखी एक आक्षेप असा की, दुसऱ्या गेमच्या शेवटाकडे एकाच हवेलीत सलग दोन मोहिमा आहेत. अहो, आधी घराची पाहणी आणि मग चोरी, हीच तर चोराची रीत! दुसऱ्यांदा त्या दारातून शिरताना खेळणाऱ्याला घर माहीत असतं. हे समाधान नव्या नकाशाने मिळत नाही.

गेम आला मार्चमध्ये आणि मे २००० मध्ये लुकिंग ग्लासला टाळं लागलं. पैसा संपला. ज्या मंडळींना आपलं काम इतकं नेमकं कळलं, त्यांना ते पुढे करायला मिळालं नाही. याचं मला अजूनही वाईट वाटतं. पण त्यांनी लेव्हल एडिटर खेळणाऱ्यांच्या हाती दिला होता. लोक त्यात मोहिमा बांधत राहिले. २००५ मध्ये चाहत्यांनी दुसऱ्या गेमवर मोहिमांची अख्खी नवी मालिका रचली, आणि २०२३ मध्ये, पहिल्या गेमला पंचवीस वर्षं होताना, ‘द ब्लॅक परेड’ ही चाहत्यांचीच आणखी एक मालिका आली. पदरमोड करून, रात्री जागून केलेलं काम. जो गेम स्वतःला ओळखतो, त्याच्याभोवती माणसं अशी टिकून राहतात.

पुढे काय करावं? जुन्या लेव्हल एकत्र बसून खेळण्याचं मंडळ असावं. आवाजाचं काम शिकवणारी एखादी कार्यशाळा निघावी. आपल्या स्टुडिओंत रद्द झालेल्या आराखड्यांचा कुठेतरी संग्रह व्हावा. कसं, कधी, कोणी, ते कार्यकारिणीने ठरवावं. मी सोबत आहे.

मात्र तरुण डिझायनरांना आजच सांगतो. सीक्वेलच्या बैठकीला जाल तेव्हा काढायच्या गोष्टींची यादी आधी टेबलावर ठेवा आणि तिच्यासाठी भांडा. वरिष्ठ नाराज होतील, होऊ द्या. तुमचा गेम नेमका कशाचा आहे, हे एका वाक्यात सांगता येत नाही तोवर एकही फीचर वाढवू नका. वाढवायला सांगणारे पुष्कळ भेटतील; नको म्हणायचं धैर्य मात्र तुमचं तुम्हालाच आणावं लागेल.