तीनदा खरे ठरलेले पत्रक

 

बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड हे आपण नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. हल्ली आम्ही कोणत्याही गटाच्या बैठकीला गेलो की कुणीतरी फोन पुढे करते आणि विचारते, "ताई, हे खरं असतं का?" फोनवर शेअर बाजाराचे पत्रक असते. कोणता शेअर घ्यावा, कधी विकावा, आणि खाली वर्गणीचा आकडा. बहुतेक वेळा ते घरातल्या तरण्या पोराच्या फोनवर आलेले असते.

आधी एक सांगतो. असे पत्रक काढणे हा काही वाईट धंदा नाही. प्रामाणिकपणे तो करणारी माणसे आहेत. असा माणूस कंपन्यांचे ताळेबंद वाचतो, विक्री किती, डोक्यावर कर्ज किती, नफा हातात आलेला की नुसता कागदावरचा, हे तपासतो आणि आपले मत लिहून विकतो. त्याची कमाई वर्गणीतून होते. शेअर घ्यायचे पैसे तो आपल्या हातात घेत नाही. ते व्यवहार आपण आपल्या डीमॅट खात्यातून करायचे. शेतीच्या मासिकात बियाण्याची माहिती येते, पण पेरायचे की नाही ते आपण ठरवतो, तसेच हे. चांगला पत्रकवाला आपले चुकलेले अंदाजही छापतो. तसे छापणारा दिसला की आम्हाला तो निम्मा तरी भरवशाचा वाटतो.

आता दुसरी बाजू.

आमच्या एका गटात एका ताईंनी १५,००० रुपयांचे अंतर्गत कर्ज मागितले. कारण सांगितले घरखर्च. अध्यक्षबाई खमक्या, त्या म्हणाल्या, "घरखर्च म्हणजे काय, ते इतिवृत्तात लिहायचंय." मग खरे बाहेर आले. मुलाला एका पत्रकवाल्याकडून तीन आठवडे फुकट टिपा आल्या होत्या. तिन्ही बरोबर निघाल्या. आता चौथी टिप पाहिजे तर पैसे भरा, असे तो म्हणत होता. ताई म्हणाल्या, "तीनदा खरं ठरलं, मग खोटं कसं असेल?"

तेवढ्यात कोपऱ्यातली एकजण म्हणाली, तिच्या दिरालाही याच नावाने निरोप आला होता. फोन मागवला. नाव तेच, तारीख तीच, शेअरही तोच. ताईंच्या मुलाला लिहिले होते भाव चढणार. दिराला लिहिले होते भाव पडणार!

ही युक्ती जुनी आहे, टपालाने पत्रे जायची तेव्हापासूनची. हिशोबाला सोपी आहे, पाटीवर मांडून बघा. समजा त्याने ८०० जणांना निरोप पाठवला. ४०० जणांना सांगितले, अमका शेअर चढेल. उरलेल्या ४०० जणांना सांगितले, पडेल. शेअर चढला तर पडेल सांगितलेल्यांना तो सोडून देतो. राहिलेल्या ४०० मध्ये पुन्हा तेच: २०० जणांना चढेल, २०० जणांना पडेल. तिसऱ्या आठवड्याला उरतात १००. या १०० घरांनी लागोपाठ तीन अंदाज खरे होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांनी प्रत्येकी ५,००० रुपये भरले तर ५ लाख झाले. आणि त्या माणसाने एकाही कंपनीचा ताळेबंद उघडलेला नसतो. ज्यांचे अंदाज चुकले ते ७०० जण गप्प बसतात, कारण त्यांचे काही गेलेले नसते.

ही युक्ती चालते ती फक्त निरोप कुणी कुणाला दाखवत नाही म्हणून. "कुणाला सांगू नका, खास तुमच्यासाठी" असे त्यात लिहिलेले असते ते उगीच नाही.

दुसरा प्रकार आठवडी बाजारातल्यासारखा आहे. एखाद्याने सकाळीच बाजारातला लसूण उचलला आणि मग आवई उठवली की लसूण महागणार. बाया धावल्या, भाव चढला, की त्याने आपला माल काढला. छोट्या कंपनीचे शेअर मोजकेच फिरत असतात, तिथे हे सहज जमते. टिप देणारा आधीच घेऊन बसलेला असतो. आपण घेतो तेव्हा तो विकत असतो.

हे रोखायला नियम आहेत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी मुंबईत आहे, तिला १९९२ च्या कायद्याने अधिकार मिळाले. अमका शेअर घ्या, तमका विका, असे सांगून पैसे घेणाऱ्या विश्लेषकांसाठी सेबीचे २०१४ चे नियम आहेत. नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'आयएनएच' या अक्षरांनी होते. ज्या शेअरबद्दल तो लिहितो, त्याचा स्वतःसाठी व्यवहार त्याला अहवालाच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस करता येत नाही. नफ्याची हमी तर देताच येत नाही. "महिन्यात दुप्पट, गॅरंटी" असे लिहिले असेल तर पुढचे वाचूसुद्धा नका.

क्रमांक छापलेला दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. दुसऱ्याचा क्रमांक चोरून छापणारेही आहेत. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी असलेल्यांची यादी असते. तिथले नाव, पत्ता, फोन पत्रकाशी जुळतो का ते मुलीला, नातीला बघायला सांगा. पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात मागत असेल तर तिथेच थांबा. आणि नोंदणी खरी निघाली तरी त्याचा अंदाज खरा ठरेलच असे नाही.

त्या ताईंना गटाने कर्ज दिले नाही. त्या रागावल्या, दोन बैठकांना आल्या नाहीत. मुलाने स्वतःच्या पगारातून ३,५०० रुपये आधीच भरले होते. तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. ताई आता येतात, पण तो विषय निघाला की खाली बघतात. त्यांना कुणी टोमणे मारू नयेत, एवढे आम्ही त्या गटाला सांगितले आहे. टोमणे मारले तर पुढची बाई फोन दाखवणारच नाही.

आमचे मत विचाराल तर, गटाचा पैसा शेअरमध्ये घालायचा नाही. तो सगळ्याजणींचा आहे आणि कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या खताला मागाल तेव्हा मिळाला पाहिजे. स्वतःच्या शिलकीतून कुणाला शिकून शेअर घ्यायचे असतील तर जरूर घ्या, बायांनी ते शिकू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कर्ज काढून मात्र नको.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटे काढा. ज्यांच्या घरी असे निरोप आले असतील त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवा.

आता वही-पेन्सिल घ्या. फोनवरून फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, त्याच दिवशी फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात. नोंदणी किंवा शेअरची तक्रार यासाठी सेबीचा फुकट नंबर आहे १८०० २२ ७५७५. पुन्हा सांगतो, १८०० २२ ७५७५.