तिसाव्या दिवसाची तपासणी

अपुऱ्या दिवसांचे मूल काचेच्या पेटीतून आईच्या मांडीवर आले, की घरच्यांना वाटते, गंडांतर टळले. वस्तुतः डोळ्यांची परीक्षा अद्याप व्हावयाची असते. अशा मुलाच्या डोळ्यांतील पडद्यावर रक्तवाहिन्यांची वाढ पुरी झालेली नसते. पुढे त्या भलत्याच रीतीने फोफावल्या, तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येते. डोळा मात्र वरून निर्मळच दिसतो! म्हणून दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलाची तपासणी तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच लहान असेल, तर त्याहीपूर्वी.

परंतु खेड्यात असा तज्ज्ञ कोठला? बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ साली यावर तोड काढली. तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन कर्नाटकातील जिल्ह्याच्या गावी जातात, आणि छायाचित्रे पाहून दूरचा तज्ज्ञ निदान करतो. दोष बळावला असल्यास लेसरचा उपचार दोन-तीन दिवसांतच करावा लागतो. एका तपासणीने भागतही नाही. तारेच्या चिमट्याने उघडलेल्या पापण्या आईला पाहवत नाहीत, बापाची मजुरी बुडते. आणि ‘बाळ तर टकमक पाहते आहे,’ असे आजी प्रेमाने सांगत असते, तेव्हाच पुढच्या आठवड्याची तारीख येऊन ठेपलेली असते.