यंत्राचा स्मृतिभ्रंश

लेखनाचा आधार न घेता वेदवाङ्मय पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे टिकून राहिले, याचे आश्चर्य सर्वांनाच वाटते. त्याचे रहस्य पाठाच्या पद्धतीत आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ असे एकाच संहितेचे अनेक पाठ आपल्या पूर्वजांनी सिद्ध केले. जटापाठात शब्दांची जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणावयाची. एखादे अक्षर ढळले, तर या उलटसुलट आवृत्तींत कोठे तरी विसंगती उमटून ते उघडकीस येई. स्मृती विश्वसनीय व्हावयाची असेल, तर जरुरीपेक्षा काही अधिक लक्षात ठेवावे लागते आणि ते अधिकचे मुळाशी ताडून पाहावे लागते, असा या व्यवस्थेचा अर्थ. आज ज्या विषयासंबंधी मला बोलावयाचे आहे, तो संगणकाच्या स्मृतीचा विषयही याच सूत्राने समजून घेता येतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक गणकयंत्र कार्यान्वित झाले. त्याला १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेले प्रत्येक कडे एका दिशेने चुंबकित झाले की शून्य, उलट दिशेने झाले की एक. चाळीस अंकांचे एक पद, अशी २,०४८ पदे, म्हणजे ८१,९२० अंक एवढी तिची शक्ती. आज घरगुती संगणकात आठ गिगाबाइटांची स्मृती ही मध्यम गणली जाते. तिच्यात ६,८०० कोटींहून अधिक अंक मावतात. ही घरे आता विद्युत्भाराची आहेत. एक सूक्ष्म धारित्र आणि एक ट्रान्झिस्टर मिळून एक घर होते. भार असला की एक, नसला की शून्य. परंतु हे रांजण गळके आहेत. ते साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांनी पुन्हा भरावे लागतात. इतक्या कोटी गळक्या रांजणांपैकी एखाद्याने दगा दिला, तर त्यात नवल ते काय?

आता आपल्या अनुभवास येणारी गोष्ट घेऊ. काम चालू असता पडद्यावर एकाएकी सूचना येते, की अमुक पत्त्यावरील स्मृती वाचता आली नाही. आणि कार्यक्रम बंद पडतो. सामान्य मनुष्य समजतो की स्मृतीची पट्टी बिघडली. पण पुष्कळदा ती निर्दोष असते. संगणक प्रत्येक कार्यक्रमाला ठराविक खोल्या नेमून देतो. कार्यक्रमातील चुकीमुळे त्याने परक्या किंवा अस्तित्वातच नसलेल्या खोलीचे दार ठोठावले, तर रखवालदार त्याला अडवितो. वरील सूचना ही त्या रखवालदाराची आहे. सूचनेतील पत्ता शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा असेल, तर कार्यक्रमाने कोरा पत्ता घेऊन प्रवास केला असा तर्क बहुधा खरा ठरतो. याउलट, स्मृतीतील एखादा अंक खरोखरच बदलला, तर साध्या यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. ते चुकीचा अंक बरोबर समजून पुढे जाते. खरे भय या मुकाट चुकीचे आहे.

असा अंक दोन प्रकारांनी बदलतो. पहिला प्रकार क्षणिक. १९७० नंतरच्या दशकात इंटेल कंपनीच्या स्मृतिपट्टिकांत अनाकलनीय चुका होऊ लागल्या, तेव्हा मे आणि वुड्स या संशोधकांनी दाखवून दिले, की पट्टिकेच्या आवरणातील युरेनियम-थोरियमच्या लेशमात्र अंशातून निघणारे अल्फा कण घरातील भार पुसून टाकतात. विश्वकिरणांमुळेही असेच घडते. ज्या संस्थेत टिफ्रॅक घडले, तिचे संस्थापक डॉ. होमी भाभा हे विश्वकिरणांचेच अभ्यासक होते, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. बेल्जममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते दिसली. फेरमोजणीत नेमकी ४,०९६ मते जास्त निघाली. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे. एकच अंक शून्याचा एक झाला की एवढाच फरक पडतो. कारण सिद्ध झाले नाही. क्षणिक स्मृतिदोष हाच संभव धरला गेला. मतपत्रिकांची चुंबकीय कार्डे जपून ठेवलेली होती म्हणून सत्य हाती आले.

दुसरा प्रकार कायमचा. घर झिजते, जोड ढिला होतो, आणि तीच जागा पुनः पुन्हा फसविते. गूगलच्या हजारो यंत्रांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत वर्षभरात निदान एकदा तरी स्मृतिदोष आढळला, आणि त्यांत कायमच्या दोषांचेच प्राबल्य दिसले. विश्वकिरणांना दोष देऊन स्वस्थ बसणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम आपले दप्तर सुरक्षित करावे. मात्र संशयित यंत्रातून काढलेली नक्कल जुन्या चांगल्या नकलेवर कधीही चढवू नये, कारण नक्कल त्याच फसव्या स्मृतीतून जात असते. शक्य तर तबकडी दुसऱ्या यंत्राला जोडून वाचावी. त्यानंतर पाहावे, की चूक एकाच कार्यक्रमात होते की अनेकांत. एकाच कार्यक्रमात होत असेल, तर तो नव्याने बसवावा. निरनिराळे कार्यक्रम निरनिराळ्या तऱ्हेने कोसळत असतील, तर मात्र स्मृतीकडे वळावे. वेग वाढविण्यासाठी मूळ मांडणीत बदल केले असल्यास ती पूर्ववत करावी. वीज पूर्ण तोडून, अंगावरील विद्युत्भार उघड्या धातूला स्पर्श करून घालवून, स्मृतीच्या पट्ट्या काढाव्यात; सोनेरी कडा कोरड्या मऊ फडक्याने हलकेच पुसून त्या खटका बसेपर्यंत पुन्हा घट्ट बसवाव्यात. कित्येक दोष एवढ्यानेच नाहीसे होतात.

तरीही शंका राहिली, तर परीक्षा घ्यावी. मेमटेस्टसारखा परीक्षक-कार्यक्रम संगणकाची नेहमीची व्यवस्था सुरू होण्याआधीच चालतो. तो सर्व घरांत शून्य लिहून वाचतो, मग एक लिहून वाचतो. कारण कायम 'एक'च सांगणारे घर एकाच्या परीक्षेत खुशाल उत्तीर्ण होते. पुढे शून्य-एक आळीपाळीने लिहून शेजारच्या घरांचा परस्परांवर परिणाम होतो काय, हे तो पाहतो. ही परीक्षा रात्रभर चालू द्यावी. काही दोष यंत्र तापल्यावरच प्रकट होतात. चूक आढळली, तर एक-एक पट्टी एकाच खाचेत लावून तपासावी, नंतर चांगली ठरलेली पट्टी प्रत्येक खाचेत फिरवावी. दोष पट्टीबरोबर हिंडला तर पट्टी दोषी. खाचेपाशीच राहिला तर खाच किंवा तिच्यामागील मंडल. सर्वच पट्ट्या सर्वत्र चुकू लागल्या, तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा येथला मुख्य नियम. दोन बदलल्या तर यश कोणामुळे आले, ते कळत नाही.

शेवटी पुन्हा घनपाठ्यांकडे येऊ. आठ अंकांबरोबर नववा अंक ताळ्यासाठी ठेवला, तर एक चूक झाल्याचे कळते; पण ती कोठे झाली, ते कळत नाही. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांचे यंत्र चूक ओळखून काम थांबवीत असे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर तिची जागा का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. अंकांच्या निरनिराळ्या गटांवर निरनिराळे ताळे बसवावयाचे. कोणते ताळे चुकले यावरून चुकलेली जागा निघते, आणि जागा सापडली की अंक फिरविला की झाले. १९५० मध्ये त्यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली. आज महत्त्वाच्या यंत्रांतील स्मृती ६४ अंकांमागे ८ ताळ्याचे अंक बाळगते. एक चूक ती सुधारते आणि दोन झाल्या तर निदान सांगते.

घरच्या साध्या यंत्रात ही सोय बहुधा पूर्ण नसते. तेथे ताळा पाहण्याचे काम आपल्याकडे येते. जमाखर्च, जमिनीचे दस्तऐवज, रुग्णांची टिपणे आता आपण या गळक्या रांजणांच्या हवाली केली आहेत. अशा कागदांची एक वेगळी प्रत जपून ठेवावी, आणि मधून मधून ती मुळाशी ताडून पाहावी. घनपाठ्याने जे कंठाने केले, ते आपल्याला या नकलांनी करावे लागेल.