उपग्रहाला बांध दिसत नाही

(खेड तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत वनहक्क मोजणीवर केलेलं भाषण)

साथींनो,

आपली पोरं चाकणला, भोसरीला कंपनीच्या बसनं कामाला जातात. बस कुठं पोचली ते आता मोबाईलवर दिसतं. तेच जीपीएस घेऊन आपले वनहक्काचे प्लॉट मोजले जातात. कमी क्षेत्र भरलं की ऐकायला मिळतं, "उपग्रहानं मोजलंय, चूक कशी होईल?" म्हणून हे यंत्र चालतं कसं, ते आपण समजून घेऊ.

जीपीएसचा उपग्रह आपल्याला बघत नाही. वीस हजार किलोमीटर वरून तो फक्त आपली वेळ आणि जागा सांगत फिरतो. त्याचा संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. पोचायला किती वेळ लागला, त्यावरून हातातलं यंत्र अंतर काढतं. चार उपग्रहांचा हिशोब जुळला की आपण कुठं उभे आहोत ते कळतं. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे 300 मीटरचा फरक. दाट झाडीत, कड्याच्या पोटाला संदेश आपटत, उशिरा येतो. तिथं साधा मोबाईल पाच-दहा मीटर सहज चुकतो.

बसचं पाच मीटरनं काही बिघडत नाही. आपलं बिघडतं. 45 मीटर लांब, 45 मीटर रुंद तुकडा म्हणजे 20 गुंठे. चारही बाजूंनी पाच-पाच मीटर आत धरले तर 12 गुंठेच उरतात. आठ गुंठे कागदावरून गेले!

जीपीएस अमेरिकेच्या लष्करानं उभं केलं. पहिला उपग्रह 1978 साली सोडला. सामान्य लोकांना मिळणारा संदेश ते मुद्दाम बिघडवून देत. ते मे 2000 मध्ये थांबवलं. दुसऱ्याच्या यंत्रावर विसंबून भागत नाही, म्हणून भारतानं 'नाविक' उभारलं. इस्रोनं त्याचे सात उपग्रह 2013 ते 2016 मध्ये वर नेले. जे देशाला कळलं, ते आपणही धरू. मोजणी आपल्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे.

कायदा आपल्या बाजूला आहे. वनहक्काचे 2012 चे सुधारित नियम सांगतात की उपग्रहाचं चित्र किंवा असं तंत्र हा पूरक पुरावा आहे. ते बाकी पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, बांध, विहीर, घर, दफनभूमी हेही पुरावेच आहेत.

म्हणून मोजणीच्या दिवशी:

1. वनहक्क समिती आणि शेजारचे कसणारे हजर पाहिजेत. बांधाच्या प्रत्येक वळणावर बिंदू घ्यायला लावा. वळण सोडलं की जमीन कापली जाते.

2. प्रत्येक बिंदूवर थोडं थांबा. आकडा स्थिर होऊ द्या. झाडीत दोनदा घ्या.

3. बाजू टेपनंही मोजा, वहीत लिहा.

4. क्षेत्र मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय पंचनाम्यावर सही-अंगठा नाही. नकाशाची आणि आकड्यांची प्रत मागा.

माणूस कुठं उभा होता, एवढंच यंत्र सांगतं. जमीन कोण कसतं, ते ग्रामसभा सांगेल.

जिंदाबाद!