शुक्राणूंना लगाम घालणारा द्रव



मूल होत नाही म्हणून वीर्यतपासणी झाली, की घरात चर्चा एकाच आकड्याची: काउंट किती आला? पण वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. बाकी सगळा द्रव. तो शुक्राणूंना पोसतो हे खरंच, पण त्यांना अडवूनही धरतो.

पोसण्याचं थोडक्यात सांगतो. वीर्यातली साखर म्हणजे फळांत असतं तेच फ्रुक्टोज, हे केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी 1946 साली दाखवलं. ती शुक्राशयात तयार होते. शुक्राणूंचं एक इंधन हेच.

अडवण्याची गोष्ट मात्र जास्त रंजक आहे. वीर्य बाहेर पडताच घट्ट होतं. शुक्राशयातून आलेल्या सेमेनोजेलिन नावाच्या प्रथिनाचं जाळं बनतं आणि शुक्राणू त्यात अडकतात. हे जाळं तोडणारं विकर प्रोस्टेट ग्रंथीच्या रसात असतं. त्याचं नाव पीएसए. हो, वयस्कर पुरुषांना ज्याची रक्ततपासणी सांगतात तेच! मग ते ग्रंथीतच कापाकापी का सुरू करत नाही? कारण तिथं जस्त भरपूर असतं आणि ते पीएसएला दाबून ठेवतं. दोन्ही रस मिसळले, की सेमेनोजेलिन हे जस्त स्वतःकडे ओढून घेतं. पीएसए मोकळं होतं आणि तुटून पडतं ते सेमेनोजेलिनवरच. आपल्याच मारेकऱ्याच्या बेड्या काढून द्याव्यात, तसा हा प्रकार. साधारण पंधरा ते तीस मिनिटांत वीर्य पातळ होतं आणि शुक्राणू पोहू लागतात.

जस्ताचं नाव ऐकून लगेच गोळ्या आणायला धावू नका हं. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. पुरुषांना जस्त आणि फॉलिक ॲसिड देऊन ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना जास्त बाळं जन्मली. जाहिराती चालूच आहेत, तो भाग वेगळा.

पोहता आलं म्हणजे फलन करता आलं, असंही नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावरच शुक्राणूला ती क्षमता येते, हे 1951 साली चँग आणि ऑस्टिन या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं. पुढे 1957 मध्ये चँग यांनी सशाचे असे तयार झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात ठेवले, तर ती क्षमता गेली! द्रवातलं कोलेस्टेरॉल आणि काही प्रथिनं शुक्राणूचं आवरण स्थिर ठेवतात. ते हवंच, कारण शुक्राणूच्या डोक्यावरची विकरांची पिशवी वाटेतच फुटली, तर स्त्रीबीजापाशी पोचून उपयोग काय?

शरीरात हा द्रव मागे राहतो आणि शुक्राणू गर्भाशयमुखाच्या स्रावातून पुढे जातात. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत मात्र तो मुद्दाम धुऊन काढावा लागतो, आणि तोही वेळेत. द्रवात फार वेळ राहिले तर शुक्राणू मंदावतात. म्हणूनच नमुना तासाभरात पोचवा, असं लॅबवाले बजावून सांगतात.